धाकटीचे नऊ किलो

तारीख सोळा मार्च. थायरॉईडच्या रक्ततपासणीचे साडेपाचशे रुपये. हजर तिघं: मी, माझ्या दंडाला रबरी नळी बांधणारी लॅबमधली मुलगी आणि बाहेर रस्त्यावर स्कूटर चालू ठेवूनच वाट बघणारे आमचे हे. ही दोन वर्षांपूर्वीची जळगावची गोष्ट. संध्याकाळी कागद हातात आला. टीएसएच १४.६. तो फार तर साडेचारपर्यंत असावा, असं शेजारीच छापलेलं होतं.

मी एका डाळमिलच्या ऑफिसात बावीस वर्षं काम करते. ट्रक भरून आला तेव्हा वजन किती, रिकामा झाल्यावर किती, मधला फरक किती, हे लिहिणं माझं काम. त्यामुळे आकडा चुकीचा असला तरी निदान आकडा आहे, याचं मला बरं वाटतं. वर्षभर मी थकत होते. वजन एकसष्टवरून बहात्तरवर गेलं होतं. जळगावच्या मार्चमध्ये मी पंखा बंद करायला लावत होते आणि घरात त्यावरून भांडणं होत होती. सगळ्यांचं म्हणणं एकच, की बसून काम करते आणि वर खाते. आता कागद सांगत होता की मी आळशी नव्हते. तो कागद मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवला.

डॉक्टरांनी समजावलं ते मला पटलं. गळ्यात खालच्या बाजूला ही ग्रंथी असते. अंगातली चूल किती जाळायची ते ती ठरवते. माझी मंद झाली होती. मेंदू वरून तिला हाका मारतो, जाळ वाढव, जाळ वाढव. त्या हाका म्हणजे टीएसएच. ग्रंथी जितकी थंड, तितका हा आकडा मोठा. मग त्यांनी मला पेल्यातून पाण्याचा घोट घ्यायला लावला आणि गिळताना गळ्याकडे बघत राहिले.

"इथली गाठ असली तर घोटाबरोबर वर सरकते," ते म्हणाले. "तुम्हाला गाठ नाही. गोळीवर भागेल."

रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी. आधी पन्नास मायक्रोग्रॅमची, दीड महिन्याने पुन्हा तपासून पंचाहत्तरची. गोळीनंतर तासभर चहा नाही.

"म्हणजे रोज एक गोळी, एवढंच ना?" हे म्हणाले आणि पेपर उघडला. सासूबाई पारोळ्याला असतात, सगळे त्यांना अक्का म्हणतात. त्या फोनवर म्हणाल्या, "गोयी ले आन कामले लाग." गोळी घे आणि कामाला लाग. मला थायरॉईड झाला त्याची घरात झालेली चर्चा इतकीच.

आता धाकटीविषयी.

माझी धाकटी जाऊ धुळ्याला असते. दिरांचं तिथे ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे. ती माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, उंचीने दोन बोटं जास्त, रंगाने उजळ. हे मी मोजून ठेवलंय असं नाही, पण कोणी विचारलं तर मला सांगता येतं. लग्नात तिची साडी माझ्या साडीच्या दुपटीने महाग होती. तिच्या लग्नाला पंधरा वर्षं झाली तेव्हा दिरांनी तिला जळगावच्या सराफाकडून सव्वादोन तोळ्यांची ठुशी घेऊन दिली. पसंत करायला मला सोबत नेलं होतं, कारण मी जळगावची. माझ्या लग्नाच्या पंधराव्या वर्षी आम्ही घराला रंग दिला होता.

त्या दिवाळीला पारोळ्याला सगळे जमलो, तर धाकटी बारीक झालेली. आधी सहासष्ट होती, आता साठ. आणि उत्साह असा की पहाटे उठून अंगण झाडून, फराळाचं उरकून, वर पडदे धुवायला काढले. दुपारी चार भाकऱ्या आणि वांग्याचं भरीत खाऊन लगेच उठली. मी अर्धी भाकरी खाऊन भिंतीला टेकले होते.

"दख, हाई कशी भिंगरी शे," अक्का मला ऐकवत म्हणाल्या. "आन तू बशी बशीसन दमी जास."

मी धाकटीला स्वयंपाकघरात गाठून विचारलं, "काय करतेस गं? चालायला जातेस?"

"काही नाही ताई. आपोआपच."

हे आपोआप मला फार लागलं. मी रोज पाच हजार पावलं मोजून चालत होते, साखर सोडली होती, आणि आठ महिन्यांत सहाशे ग्रॅम उतरले होते.

संक्रांतीनंतर एक दिवस मी सकाळी एकाऐवजी दोन गोळ्या घेतल्या. याचं कारण मी त्रैराशिक मांडलं होतं. एका गोळीने टीएसएच खाली येतो आणि थोडं वजनही उतरतं. मग दोन गोळ्यांनी किती उतरेल? डॉक्टरांना विचारलं असतं तर ते नको म्हणाले असते, म्हणून विचारलं नाही. शंभर गोळ्यांची बाटली पन्नास दिवसांत संपली.

"मागच्याच महिन्यात आणली ना?" ह्यांनी विचारलं.

"ती लहान बाटली होती," मी म्हटलं. हिशेबात मी खोटं बोललेली ती पहिलीच वेळ.

दहा आठवड्यांत चार किलो उतरलं. ऑफिसात एक जण म्हणाला, "मॅडम, बारीक दिसताय." तो दिवस मला चांगला गेला. पण छातीत धडधडायला लागलं होतं. वजनकाट्याची पावती लिहिताना पेन थरथरायचं. पोट दिवसातून चार वेळा बिघडायचं. सगळ्यांआधी मला उकडायचं आणि आता पंखा लावायला मीच भांडत होते. हे सगळं मी वजनाची किंमत म्हणून चालवून घेतलं.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. आमच्याकडे आखाजीला खापरावरचे मांडे होतातच. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत मोठा करायचा आणि चुलीवरच्या उपड्या खापरावर अलगद टाकायचा. पुरणपोळी तव्यावर कोणीही करेल. मांडा हातांवर वाढतो, आणि हात जरा हलला की फाटतो. आमच्या घरात मांडे धाकटीचे. सोळा वर्षं मी पीठ मळते आणि ती मांडे करते, आणि गावातल्या बायका येऊन तिचे हात बघतात.

त्या वर्षी तिचा पहिला मांडा फाटला. दुसरा हातावरच फाटला आणि पुरण चुलीत पडलं.

"पुरण पातळ झालंय," धाकटी म्हणाली. पुरण मी वाटलं होतं.

"पातळ नाही," मी म्हटलं.

"नहीच शे पातय," अक्कांनी बोटाने बघितलं. "व्हई जास एखादा. दुसरा कर."

तिसऱ्याच्या वेळी मी तिच्या हातांकडे बघितलं. दहाही बोटं बारीक थरथरत होती. मी माझे हात पदराखाली घेतले, कारण तेही तसेच थरथरत होते. माझे का थरथरतात ते मला ठाऊक होतं.

ती घामाने भिजली होती. पंख्याखाली जाऊन तिने तांब्यानेच पाणी प्यायला सुरुवात केली. ठुशीचा गोंडा पाठीवर खूप खाली लोंबत होता.

"दोरा वाढवून घेतलास का?"

"हो ना ताई. गळ्याला काचायला लागली होती."

ती पुन्हा प्यायली, आणि ठुशीच्या खाली उजवीकडे सुपारीएवढं काहीतरी घोटाबरोबर वर गेलं आणि खाली आलं.

तिचं वजन तेव्हा सत्तावन्न होतं, म्हणजे एकूण नऊ किलो कमी. नऊ किलो उतरलेल्या बाईची ठुशी सैल व्हायला हवी. ट्रक रिकामा व्हावा आणि ताडपत्री अपुरी पडावी, असा हा प्रकार होता. काट्यावर असं झालं तर मी ट्रक थांबवते.

इथे मी थांबवलं नाही. मी म्हटलं, "सर बाजूला, मी तव्यावर पोळ्या करते." त्या वर्षी घरात पोळ्या माझ्या हातच्या झाल्या. फाटलेले मांडे गाईला घातले. ते मी स्वतः नेऊन घातले आणि परत येताना मला हसू येत होतं.

चार दिवसांनी माझी ठरलेली तपासणी होती. टीएसएच ०.०३, म्हणजे मेंदूने हाका मारणंच सोडलं होतं. डॉक्टरांनी माझं मनगट धरून घड्याळ लावलं. एकशे बारा ठोके.

"किती गोळ्या घेता?"

"एक."

"एका गोळीने हा आकडा येत नाही. तुम्ही आकड्यांतल्या बाई आहात ना?"

मग मी सांगितलं. ते रागावले नाहीत, त्याचं जास्त वाईट वाटलं. म्हणाले, "वजनासाठी ही गोळी वाढवायची नसते. हाडं झिजतात, ठोके बेताल होतात. तुम्ही हे बाहेरून ओढवून घेतलंत. ज्यांना आतूनच होतं त्यांना वर्ष-वर्ष कळत नाही. भूक चांगली, काम भरपूर, वजन उतरतंय, घरातले खूश. हृदयावर आलं की मग धावतात."

मी घरी आले आणि धाकटीला फोन केला. तिला म्हटलं, तुझ्या गळ्यात मी काहीतरी बघितलंय, तपासून घे, मला थायरॉईड वाटतो.

ती म्हणाली, "ताई, थायरॉईडने माणूस जाड होतं. तुम्ही झालात की. मी तर बारीक झालेय."

"उलटाही असतो."

"मी बारीक झाले ते तुम्हाला बघवत नाही, असं सरळ सांगा ना. मला राग येणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांचा फोन. "तुना जीव कसाले जयस व? पोर हसी खेयी ऱ्हायनी, ते तू तिले बिमार पाडस?" जीव कशाला जळतो, हसत्याखेळत्या पोरीला आजारी कशाला पाडतेस, असं त्या विचारत होत्या.

माझा जीव जळत होता हे खरंच होतं, म्हणून मी फोन ठेवून दिला. पुढे एकोणीस दिवस मी धुळ्याला फोन केला नाही. त्या दिवसांत मला काळजी वाटत होती असं लिहिलं तर ते खोटं होईल. पहिले आठ-दहा दिवस मला बरं वाटत होतं. मी सांगून मोकळी झाले होते. पुढचं तिचं ती बघेल. नंतर मात्र माझी गोळी पुन्हा एकावर आली होती तरी धडधड कमी व्हायला वेळ लागत होता, आणि दर धडधडीला मला वाटायचं, तिची कोण कमी करणार आहे?

विसाव्या दिवशी दिरांचा ह्यांना फोन आला. धाकटी दुकानाच्या जिन्यात एकदम खाली बसली. छातीत पाखरू फडफडतंय म्हणते. ऊन लागलं असेल, पन्हं दिलंय.

मी दुसऱ्या दिवशी ऑफिसला सुट्टी टाकली आणि पहिल्या एसटीने धुळ्याला गेले. पिशवीत दोन कागद होते, १४.६ चा आणि ०.०३ चा.

धाकटी पलंगावर बसली होती. मला बघून उठायला लागली.

"बस. पाणी नको. आधी हे वाच."

तिने दोन्ही कागद वाचले. "दोन्ही तुमचेच?"

"पहिला आजाराचा. दुसरा मी केलेला." मी सांगितलं. दिवाळी, आपोआप, दोन गोळ्या, लहान बाटलीची थाप, सगळं सांगितलं.

तिने कागद पलंगावर ठेवले. "माझ्यासारखं व्हायचं म्हणून तुम्ही विष घेत होतात?"

"विष नाही. पंचाहत्तर मायक्रोग्रॅम जास्त."

"आकडे नका सांगू हो ताई!" ती हसली आणि हसताहसताच रडायला लागली. मग एकदम थांबली. "आखाजीला तुम्हाला दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"मग तिथंच का नाही बोललात?"

"तुझे मांडे फाटले म्हणून मला बरं वाटत होतं."

तिने पदराने नाक पुसलं. "पोळ्या तुमच्याही जाडच झाल्या होत्या," ती म्हणाली.

मी तिचं मनगट हातात घेतलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोजलं. बसल्या जागी एकशे बत्तीस. मग तिच्या हातात माझं मनगट देऊन तिलाच मोजायला लावलं. ब्याऐंशी. दोन आकडे ऐकल्यावर तिला कोणाच्या जळण्याचं काही वाटेनासं झालं. तिने दुकानात फोन लावला. "अहो, या. दवाखान्यात जायचंय."

ते येईपर्यंत ती म्हणाली, "तुमच्याजवळ गोळी असेल ना? एक द्या. थायरॉईडचीच आहे ती." मी पिशवी छातीशी धरली. तिची चूल आधीच भडकलेली, त्यात मी आणखी लाकडं कशी घालणार? गंमत म्हणजे दुपारी अक्कांनीही फोनवर तेच सुचवलं, "मोठीनी गोयी दे ना तिले." ताप एक तशी गोळी एक, असं आमच्या घरात आजवर चालत आलं होतं. आजार एकाच नावाचा आणि औषध विरुद्ध, हे अक्कांना समजवायला मला अर्धा तास लागला, आणि तेव्हाही त्यांना मी गोळी देण्यात कंजूषपणा करते असंच वाटलं.

तिचा टीएसएच मोजण्याइतकाही नव्हता. सोनोग्राफीत उजवीकडे दोन पूर्णांक आठ सेंटीमीटरची गाठ. मग स्कॅन. ही गाठच मेंदूच्या हाका न ऐकता स्वतःहून हार्मोन ओतत सुटली होती, बाकीची ग्रंथी गप्प होती. अशा गाठीत कर्करोग क्वचितच निघतो, असं धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. क्वचित म्हणजे किती, असं मी विचारलं; फार थोडे, ते म्हणाले. आधी गोळ्यांनी हार्मोन खाली आणायचे, धडधड थांबवायची, आणि मग ऑपरेशन करून ती बाजू काढायची.

ऑपरेशन सप्टेंबरात झालं. त्याआधी अक्का पारोळ्याहून मुक्कामाला आल्या. दिरांनी आठ दिवस दुकान नोकरांवर सोडलं. माझ्या तपासणीला स्कूटरवरून न उतरलेले आमचे हे मोसंबीच्या दोन जाळ्या घेऊन जळगावहून आले आणि धाकटीच्या उशाशी बसून सोलायला लागले. शेजारणी शहाळी आणत होत्या. मला तर कोणी लिंबूपाणीसुद्धा विचारलं नव्हतं. मी खोलीच्या कोपऱ्यात उभी राहून शहाळी मोजली. सात होती. तिचं वजन गोळ्यांनी पुन्हा बासष्टवर आलं होतं, हे कळल्यावर मला जे वाटलं ते मी इथे लिहीत नाही, वाचणाऱ्याला कळेल.

ऑपरेशननंतर नर्सने बाहेर येऊन एक बरणी पुढे केली. काढलेला भाग तपासायला लॅबमध्ये न्यायचा होता. दीर जागचे हलेनात. ह्यांनी मान फिरवली. "तुम्हीच न्या वहिनी," दीर म्हणाले.

मी रिक्षात बरणी मांडीवर धरून बसले. झाकणावर चिकटपट्टी, पट्टीवर धाकटीचं नाव, वय त्रेचाळीस. आत पाण्यासारख्या औषधात तांबूस, एका बाजूला फुगलेला तुकडा. चार भाकऱ्या, पहाटेचं अंगण, नऊ किलो, हे सगळं यातून निघत होतं आणि मी दिवाळीपासून याचा हेवा केला होता. रस्ता खराब होता. मी दोन्ही हातांनी बरणी धरून ठेवली आणि रिक्षावाल्याला तीनदा सांगितलं, हळू चालवा.

लॅबचे चौदाशे सांगितले. सातशे आता, सातशे रिपोर्ट नेताना.

परत आले तेव्हा धाकटी शुद्धीवर होती. गळ्याला पट्टी, आवाज बसलेला. मला जवळ बोलावून म्हणाली, "किती घेतले?"

"चौदाशे. अर्धे दिलेत. भाऊजींकडून घेते."

"नाही." तिने डोळे मिटले. "हे तुम्ही भरायचे. तुमचा दंड."

"कशाचा?"

"आखाजीचा."

मी हो म्हटलं. अक्का पलंगाशी बसून ऐकत होत्या. त्यांना दंड कशाचा ते कळलं नाही, तरी त्या म्हणाल्या, "बरोबर शे."

नवव्या दिवशी मी रिपोर्टसाठी जळगावहून पुन्हा धुळ्याला गेले. दीर घेऊन आले असते, पण त्यांना मी येऊ दिलं नाही. रिपोर्ट आधी मी उभ्या उभ्या वाचला. इंग्रजीतली सगळी ओळ कळली नाही, म्हणून काउंटरवरच्या बाईंना विचारलं. त्यांनी बोट ठेवून दाखवलं. गाठ साधी, कर्करोग नाही.

तिथूनच धाकटीला फोन केला. ती म्हणाली, "नक्की ना? आकडा नीट बघा."

"यात आकडा नाहीये. नाही म्हणून लिहिलंय."

"मग या जेवायला," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

उरलेले सातशे रुपये मी काउंटरवरच्या त्या बाईंना रोख दिले. पावती त्यांनी धाकटीच्या नावाने केली.